चेहरा नसलेली आई

 हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आपण चित्राविषयी बोलणार आहोत. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, त्यामुळे आजचं पहिलं चित्र तुम्हीच काढायचं आहे. भाकरी करून झाल्या असतील तर परातीत थोडं पीठ उरलेलं असेल. ते पसरा आणि त्यात बोटाने एक तांब्या काढा.

बहुतेक सगळ्यांनी तो बाजूने दिसतो तसा काढला असेल. वर गळा, मग फुगीर पोट, खाली बूड. तोंडाच्या जागी एक आडवी रेघ किंवा चपटा वाटोळा आकार. पण तांब्याचं तोंड चपटं असतं का? नाही. ते चांगलं गोल असतं, आपण त्यात हात घालून तो घासतो. वरून पाहिलं तर गोल दिसतं, बाजूने पाहिलं तर चपटं. मग आता असं करा. पोट बाजूने दिसतं तसंच राहू द्या, पण वर तोंड मात्र पुरतं गोल काढा. तांब्या वेडावाकडा दिसेल, पोरं हसतील. पण नीट पाहा, त्या वाकड्या तांब्याने तुम्हाला जास्त सांगितलं. तोंड गोल आहे, पोट फुगीर आहे, बूड सपाट आहे म्हणून तो लवंडत नाही. एका जागी उभं राहून हे सगळं एकदम दिसलं नसतं.

शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये, पॅरिस शहरात, दोन तरुण चित्रकारांनी हेच मनावर घेतलं. एक पाब्लो पिकासो, मूळचा स्पेनचा. दुसरा जॉर्ज ब्राक, फ्रान्सचाच. वस्तू एका जागेवरून जशी दिसते तशीच काढायची, हा नियम त्यांनी मोडला. समोरून, बाजूने, वरून जे जे दिसतं, ते एकाच चित्रात शेजारी शेजारी मांडायला त्यांनी सुरुवात केली. 1908 मध्ये ब्राकची चित्रं पाहून एका समीक्षकाने नाक मुरडलं, की हे तर नुसते ठोकळे आहेत. ठोकळा म्हणजे क्यूब. चेष्टेत पडलेलं नाव चिकटलं आणि या पद्धतीला क्युबिझम म्हणू लागले. मराठीत तिला घनवाद म्हणतात.

नाव जड आहे, गोष्ट जड नाही. आपल्या भंडारदऱ्यात राहणारीला ती पटकन कळावी. आपली कळसूबाई घ्या. धरणाच्या पाण्याकडून तिचं रूप वेगळं, बारी गावातून मान वर करून पाहिलं तर वेगळं, इगतपुरीच्या अंगाने आणखी वेगळं. शिड्या चढून शिखरावर देवळाशी उभी राहिलेली बाई तर डोंगर पाहतच नसते, तिला खालचा मुलूख दिसतो. यातली खरी कळसूबाई कोणती? सगळ्याच खऱ्या. फोटोवाला येतो, एका जागेवरून एक फोटो काढतो आणि जातो. आपण जन्मभर तिच्या अवतीभवती वावरतो. आपल्या मनातली कळसूबाई ही या सगळ्या बाजू मिळून झालेली असते.

तांब्याचं झालं, डोंगराचं झालं. आता माणसाच्या चेहऱ्याकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच येते. तांब्या तक्रार करत नाही. माणूस म्हणतो, हा मी नव्हेच.

घनवाद अजून जन्माला यायचा होता तेव्हाची गोष्ट. पॅरिसमध्ये गर्ट्रूड स्टाइन नावाची एक अमेरिकन लेखिका राहत होती. अंगाने भारदस्त, बोलायला ठाम. पिकासोने तिचं चित्र काढायला घेतलं. 1905-06 च्या त्या दिवसांत ती त्याच्यासमोर येऊन बसायची. अशा ऐंशी-नव्वद बैठका झाल्याचं तिने पुढे सांगितलं. विचार करा, नव्वद वेळा एका खुर्चीत गप्प बसायचं! अंग, हात, कपडे सगळं जमलं, चेहरा काही जमेना. शेवटी एक दिवस पिकासोने तो चेहरा सरळ पुसून टाकला. तुझ्याकडे पाहिलं की मला तू दिसतच नाहीस, अशा अर्थाचं काहीतरी तो तिला बोलला, आणि उन्हाळ्यात स्पेनमधल्या एका डोंगराळ गावी निघून गेला.

परत आल्यावर त्याने ते चित्र पुन्हा पुढे घेतलं. या खेपेला ती समोर नव्हती. तिला न बघताच त्याने चेहरा रंगवला. जड पापण्या, डोळे एकमेकांना न जुळणारे, गाल दगडात कोरल्यासारखे. एखाद्या मुखवट्यासारखा तो चेहरा होता. त्या काळात पिकासो स्पेनमधली जुनी दगडी शिल्पं पाहत होता, त्यांचा ठसा त्यावर होता. आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात बोहाड्यात सोंगं नाचवतात, ते मुखवटे आठवा. मुखवट्यातला डोळा खऱ्या डोळ्याएवढा नसतो, पण सोंग पुढे आलं की देवी आली हे लहान मूलसुद्धा ओळखतं. चित्र पाहणारे म्हणाले, ही काही गर्ट्रूडसारखी दिसत नाही. पिकासोचं उत्तर होतं, दिसेल, पुढे दिसेल. गर्ट्रूडला मात्र ते फार आवडलं. तिने ते जन्मभर जपलं आणि मरताना न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकलं. आजही ते तिथे आहे.

यातली कामाची रीत लक्षात घ्या. आधी खूप पाहणं. मग न जमलेलं पुसण्याची हिंमत. मग काही दिवस दूर जाणं. आणि शेवटी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हे, तर मनात मुरलेलं उतरवणं. लोणचं मुरायला वेळ लागतो, तसाच चेहराही मनात मुरायला लागतो.

पुढे 1910 मध्ये पिकासोने कानवायलर नावाच्या आपल्या चित्रांच्या व्यापाऱ्याचं चित्र काढलं. ते तर पक्कं घनवादी. तपकिरी-करड्या रंगाचे तुकडेच तुकडे, जणू आरसा फुटून पडलाय. पण थोडा वेळ पाहत राहिलं की खाली एकमेकांत गुंतवलेले हात सापडतात, मध्ये घड्याळाची साखळी, वर केसांचं वळण. एका नजरेत ते चित्र हाती लागत नाही, शोधावं लागतं.

1912 मध्ये तर या दोघांनी रंगवण्याबरोबर चिकटवायलाही सुरुवात केली. पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेलं मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. ब्राकने भिंतीला लावायच्या कागदाचे तुकडे डकवले. जगाला मोठं नवल वाटलं. आपल्याला वाटू नये, कारण आपल्या घरोघरी गोधड्या आहेत. गोधडीत आजीच्या लुगड्याचा काठ असतो, बापाच्या सदऱ्याची बाही असते, लेकीच्या लहानपणीच्या परकराचा तुकडा असतो. कुणाचा चेहरा त्यात नाही. तरी अंगावर घेतली की आपण बोट ठेवून सांगतो, ही आजी, हा बाप. तुकड्यांनी माणूस उभा करायची ही कला बायकांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त तिला कुणी वाद असं नाव दिलं नाही.

आता एक कडू गोष्ट. सगळ्याच बायकांना आपलं चित्र गर्ट्रूडसारखं आवडलं असं नाही. 1937 मध्ये पिकासोने ‘रडणारी बाई’ नावाचं चित्र काढलं. हिरवा-पिवळा चेहरा, दातांत धरलेला रुमाल, काचेच्या तुकड्यांसारखे अश्रू, डोक्यावर मात्र लाल टोपी. त्या वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं. गेर्निका नावाच्या गावावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले, बायका-पोरं मेली. त्या दुःखातून पिकासोने ‘गेर्निका’ हे भिंतीएवढं चित्र काढलं आणि त्याच ओघात ही रडणारी बाई आली. हे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे आणि जगात नावाजलेलं आहे.

या चित्रासाठी जिचा चेहरा घेतला ती डोरा मार. ती स्वतः नावाजलेली छायाचित्रकार होती. ‘गेर्निका’ रंगत असताना काय बदललं, काय पुसलं, काय नव्याने आलं, याचे फोटो तिनेच काढून ठेवले. पिकासो काम कसं करायचा हे आज जगाला कळतं, त्यात तिच्या कॅमेऱ्याचा मोठा वाटा आहे. पण लोकांना ती ठाऊक राहिली रडणारी बाई म्हणून. पुढे ती म्हणाली की पिकासोने काढलेली माझी सगळी चित्रं खोटी आहेत, ती सगळी पिकासोच आहेत, त्यात डोरा मार एकही नाही.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबू. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच चित्रात दाखवणाऱ्या चित्रकाराच्या हातूनही बाईची एकच बाजू दिसू शकते, रडण्याची. तिच्या हातातला कॅमेरा त्या चित्रात नाही. आपल्या घरात, गावात असं होत नाही का? कुणी ‘बिचारी’ ठरते, कुणी ‘भांडखोर’, कुणी ‘वांझ’. एक बाजू दिसली की त्यावर नाव पडतं आणि जन्मभर चिकटतं. म्हणून कुणाच्या बाजू किती दाखवल्या, यासोबत आणखी एक विचारायला हवं. त्या कोणत्या, आणि त्या कुणी निवडल्या?

आता आपल्या मुलखात येऊ. पंढरपुरात 1915 मध्ये एक मूल जन्मलं, मकबूल फिदा हुसेन. मूल दीडेक वर्षाचं असताना आई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढून घ्यायला ती तयार नव्हती, असं हुसेन सांगत. वडील पुढे इंदूरला गेले, मुलगाही तिकडे वाढला. चित्रकलेचा नाद लागला, तरुणपणी तो मुंबईला आला आणि सिनेमाची मोठमोठी पोस्टरं रंगवू लागला. चौरस फुटाला चार-सहा आणे मिळायचे. रस्त्याच्या कडेला, उंच परांचीवर चढून, नटनट्यांचे घराएवढे चेहरे रंगवायचे. एवढा मोठा चेहरा रंगवताना जवळून तो दिसतच नाही, नुसती एक रेघ दिसते, रंगाचा एक पट्टा दिसतो. कमी रेघांत, दुरून ओळखू येईल असं माणूस उभं करायचं, हे बळ त्या हाताला तिथे मिळालं.

1947 मध्ये हुसेन मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपमध्ये आले. त्यांना तिथे आणणारे फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्याच्या साळगावचे. या तरुणांनी पिकासोचं काम अभ्यासलं, पण उचलून तसंच ठेवलं नाही. हुसेन यांनी मथुरेकडची जुनी दगडी शिल्पं पाहिली, पहाडी लघुचित्रांचे रंग पाहिले, खेड्यातली माणसं, बैल, गाड्या पाहिल्या. घनवादाकडून त्यांनी आकार तोडण्याची मोकळीक घेतली आणि तिच्यात आपल्या मातीतली माणसं बसवली. म्हणून त्यांच्या चित्रांना पुढे घनवादाच्या वळणाची म्हटलं गेलं. 1955 मध्ये त्यांच्या ‘जमीन’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यांनी बायकांची कितीतरी चित्रं काढली. त्यातल्या पुष्कळ बायकांना नाक-डोळे नाहीत. 1979 मध्ये मदर तेरेसा यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर हुसेन यांनी त्यांच्यावर चित्रांची मालिकाच काढली. मदर तेरेसांचा चेहरा तेव्हा जगाला पाठ होता. वर्तमानपत्रं त्याच्या फोटोंनी भरलेली होती. हुसेन यांनी नेमका तोच वगळला. त्या चित्रांत दिसते ती निळ्या काठाची पांढरी साडी. डोक्यावरून घेतलेला पदर, आणि पदराच्या आत, चेहऱ्याच्या जागी, नुसता काळोख. मांडीवर एखादं मूल, हात आधार देणारे. कधी एकाच चित्रात अशा दोन-तीन साड्या एकमेकींत मिसळलेल्या, कुठला हात कुणाचा ते कळत नाही. युरोपातल्या चर्चमध्ये मेरीमातेची चित्रं आणि मूर्ती त्यांनी पाहिल्या होत्या. मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली ती आई, तिच्या वस्त्राच्या चुण्या, हे सगळं या साडीत उतरलं आहे.

चेहरा का नाही? मला माझ्या आईचा चेहरा आठवत नाही, असं हुसेन सांगत. जो आठवत नाही तो खोटा कसा रंगवायचा? दुसऱ्या कुणाचे डोळे आणून तिथे लावता आले असते, ते त्यांनी केलं नाही. जे नाही त्याची जागा रिकामी ठेवली. आणि ती रिकामी जागा इतकी बोलते, की पाहणारीला तिथे आपलीच आई दिसू लागते. पिकासोने गर्ट्रूडचा चेहरा पुसून नवा घातला. हुसेन यांनी पुसलेला तसाच राहू दिला.

हुसेन यांच्या देवी-देवतांच्या काही चित्रांवरून देशात मोठा वाद झाला, पुष्कळांच्या भावना दुखावल्या, खटले झाले. 2006 मध्ये ते देशाबाहेर गेले आणि 2011 मध्ये लंडनला वारले. त्या वादाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. पंढरपुरातल्या त्या न आठवणाऱ्या आईचा शोध मात्र त्या वादाच्या कितीतरी आधीचा आहे.

त्यांचं आणखी एक चित्र सांगते, ‘ग्रामयात्रा’. 1954 चं, जवळजवळ चौदा फूट लांब. त्यात तेरा लहान-लहान चौकटी आहेत आणि प्रत्येकीत गावाची एक बाजू. गाडीत बसलेली माणसं आहेत, पोरं सांभाळणाऱ्या, घरकामात गुंतलेल्या बायका आहेत. एक शेतकरी उभा आहे, त्याचा हात शेजारच्या चौकटीत जातो. गाव म्हणजे कोण, तर चौकटी-चौकटींतून चाललेलं हे काम. हे चित्र कित्येक वर्षं नॉर्वेमधल्या एका रुग्णालयात होतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला आणि ते 1 कोटी 37 लाख डॉलरहून जास्त किमतीला, म्हणजे आपल्या सुमारे 118 कोटी रुपयांना गेलं. बायकांचं जे काम घरात ‘काही नाही, घरीच असते’ या दोन शब्दांत संपतं, ते चौकटीत आलं तर एवढी किंमत! किंमत चित्राची झाली, कामाची नाही, हे खरं. पण त्या कामाकडे कुणीतरी टक लावून पाहिलं होतं, हेही खरं.

आता हे सगळं आपल्या घरी आणू. आपल्याकडे म्हातारी गेली की फोटो शोधायची धावपळ होते. लग्नाच्या फोटोत ती मागच्या रांगेत, अर्धी पदराआड. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतात, चौकटीत बसवतात, हार घालतात. बोटाचा ठसा देताना घाबरलेला, न हसणारा तो चेहरा. पुढच्या पिढीला आजी म्हणून तोच ठाऊक राहतो. जिने चिखलात वाकून भाताची आवणी केली, जिच्या हातची नागलीची भाकरी पापुद्रा धरायची, जी रात्री पोरांना हसून हसून लोळवायची, ती आजी त्या फोटोत कुठे आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत, हप्ते जमा करून झाले की, अर्धा तास काढा. गटातली सगळ्यांत वयस्कर ताई किंवा आजी मध्ये बसवा. तिची हरकत नाही ना, हे आधी विचारा. एक मोठा कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची मागची बाजूही चालेल. तिला पोरांसारखं जसंच्या तसं काढायचं नाही. प्रत्येकीने तिची एक बाजू सांगायची आणि कागदावर आणायची. एकीने तिचे हात काढा, बोटांच्या भेगांसकट. एकीने तिचं इर्लं काढा, नाहीतर विळा, चूल, शेळी. एकीने तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा डकवा. कुणाला अक्षर येत असेल तिने तिच्या तोंडचा एक शब्द लिहा, जो फक्त तीच वापरते. डोळे कुठे, हात कुठे, याची काळजी करू नका. चेहरा जमला नाही तर जागा रिकामी ठेवा.

सगळं झालं की कागद तिच्यासमोर धरा आणि विचारा, आजी, ही तू आहेस का? काय राहिलं? डोरा मारला हे कुणी विचारलं नव्हतं. आपण विचारू. ती कदाचित म्हणेल, माझी विहीर राहिली, किंवा मी एकदा एकटीने नाशिक गाठलं होतं ते राहिलं. तुमच्यातल्या कुणालाही ते ठाऊक नसेल. मग त्यासाठी कोपऱ्यात जागा करा.

कागदावर तारीख आणि तिचं पूर्ण नाव लिहायला विसरू नका. नवऱ्याच्या नावाआधी तिचं स्वतःचं नाव, आणि माहेरचं गावही.